व्हाया हचिन्सन

(दृश्य: स्टेडियमचा दर्शनी भाग, दारावर संघांची रांग)

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं हचिन्सन. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. जमिनीखाली मिठाची खाण, जमिनीवर बास्केटबॉल. ज्युनिअर कॉलेजांच्या (म्हणजे तिकडे बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या) पुरुष संघांची राष्ट्रीय स्पर्धा १९४९ पासून या गावात भरते. हे स्टेडियम १९५२ सालचं.

(दृश्य: प्रेक्षकांतली मागची रांग)

मैदानावर काय चाललंय ते नंतर बघू. आधी ही रांग बघा. छातीवर विद्यापीठाचं बोधचिन्ह असलेले पोलो शर्ट, मांडीवर रोस्टरचा, म्हणजे खेळाडूंच्या यादीचा कागद, कागदावर पेनाने केलेले गोल. हे मोठ्या विद्यापीठांचे असिस्टंट कोच, आपल्या संघासाठी पोरं हेरायला आलेले. ते टाळ्या वाजवत नाहीत. स्कोअर विचारलात तर तेही बोर्डाकडे बघूनच सांगतील. त्यांची नजर वेगळीकडे असते. चेंडू हातातून गेल्यावर पोरगा मागे धावतो का? कोचने बाहेर बसवलं की तोंड कसं करतो?

ज्युनिअर कॉलेज, बोलीभाषेत 'जुको'. इथे कोणी उंचीत कमी पडला म्हणून आलेला असतो, कोणाला कुठलीच ऑफर नव्हती म्हणून, आणि बरेच जण मार्कांमुळे.

(दृश्य: कॉलेजातली अभ्यासाची खोली, रात्र)

स्पर्धा मार्चमध्ये होते, पण भरतीचं खरं काम या खोलीत वर्षभर चालतं. पायात सपाता, समोर लॅपटॉप, डोळ्यांत झोप. दाराशी उभा असलेला माणूस हजेरी घेतोय. सकाळच्या वर्गाला कोण नव्हतं, कोणाचा निबंध राहिलाय, कोणाचं गणित अडलंय, सगळं त्याच्या वहीत आहे.

नियम असा. शाळेत १६ ठरावीक कोर्स आणि ४ पैकी किमान २.३ जीपीए (मार्कांची सरासरी) जमला नाही, तर एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये पहिलं वर्ष कोरडं. सामना तर नाहीच, आणि फारच कमी पडलं तर स्कॉलरशिप आणि सरावही नाही. असा मुलगा जुकोत आला की त्याला इथली दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊनच वर जाता येतं. जीपीए किमान २.५. इंग्रजीचे ६ क्रेडिट, गणिताचे ३, विज्ञानाचे ३. इंग्रजीचा एक कोर्स हुकला की उंची सहा फूट दहा इंच असली तरी ऑफर गेली म्हणून समजा.

म्हणजे शाळेने अर्धवट सोडलेलं काम हा वहीवाला माणूस पुरं करतो. पोरगं तयार झालं की फोटो निघतो मोठ्या विद्यापीठाची टोपी घालून. त्या फोटोत हा नसतो.

(दृश्य: कोचची केबिन, पडद्यावर सामन्याचे तुकडे)

मग क्लिप कापायच्या आणि फोन लावायचे. पलीकडचा कोच दोन मिनिटांच्या व्हिडिओवर भुलत नाही, अख्खा सामना मागतो. हायलाइटमध्ये कोणीच चुकत नाही ना!

(कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजं हचिन्सनची स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेत नाहीत, आणि तिथे खेळासाठी स्कॉलरशिपही मिळत नाही. तिकडे आमचा कॅमेरा गेलेला नाही.)

(दृश्य: जुनी छायाचित्रं)

जुकोतून वर गेलेले हे काही. बॉब मॅकाडू, व्हिन्सेन्स कॉलेज. १९७० साली याच स्पर्धेचं विजेतेपद, मग नॉर्थ कॅरोलायना. लॅरी जॉन्सन, ओडेसा कॉलेज. तिथून लास व्हेगासचं यूएनएलव्ही, १९९० चं राष्ट्रीय विजेतेपद आणि १९९१ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीत, पहिलं नाव.

आणि हा जिमी बटलर, टेक्ससमधल्या टॉमबॉलचा. शाळा संपली तेव्हा मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलंही नव्हतं. २००७ मध्ये तो टायलर ज्युनिअर कॉलेजात गेला आणि सामन्यामागे १८ गुण काढू लागला. त्याचा तिथला जोडीदार जो फुल्स मार्क्वेट विद्यापीठात निघाला होता. त्याने कोच बझ विल्यम्स यांच्या कानावर बटलरचं नाव घातलं. विल्यम्स स्वतः टेक्ससमधल्या नव्हारो या जुकोतून आलेले, तेव्हा त्यांना वेगळं समजावावं लागलं नाही. मार्क्वेटमध्ये येतो असा सही केलेला कागद बटलरने मॅकडॉनल्ड्समधून फॅक्स केला, असं सांगतात. मार्क्वेटमध्ये पहिल्या मोसमात सामन्यामागे सहाही गुण निघाले नाहीत. २०११ च्या ड्राफ्टमध्ये शिकागोने त्याला तिसाव्या क्रमांकावर घेतलं.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर सरकणारी नावांची यादी)

आता ही यादी आलीय, कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची, ट्रान्सफर पोर्टल. सुरुवात २०१८ ची. २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं, २०२४ पासून हवं तितक्यांदा. मोठ्या विद्यापीठांना बावीस वर्षांचा तयार गडी मिळतो, मग जुकोच्या पोरासाठी जागा कुठून उरणार? डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या डिएगो पाव्हियाने कोर्टातून आपल्यापुरता आदेश मिळवला, की एनसीएएत खेळायच्या ठरावीक वर्षांत जुकोत खेळलेला मोसम मोजू नका. मागोमाग एनसीएएने तशाच इतर खेळाडूंना एका वर्षाची मुभा दिली. ज्यांना फोनच येत नाही, त्यांच्यासाठी एनसीएएची दुसरी डिव्हिजन, एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना, नाहीतर घरची वाट.

(दृश्य: केबिनमधला पांढरा फळा, कोच नावं पुसतोय)

दुसऱ्या वर्षाची सगळी मुलं जाणार, म्हणजे अर्धा संघ नव्याने उभा करायचा. फळ्यावर आता तीन नावं आहेत. एक सेनेगलचा, एक डॅलसचा, आणि एक पहिल्या डिव्हिजनमधून पोर्टलमध्ये उतरला पण कोणी घेतला नाही असा. त्याच्या नावापुढे कोचने लिहिलंय: 'इंग्रजी बाकी'.