पाचवीतलं इंग्रजी, इथलं आणि तिथलं

नमस्कार मंडळी.

मघाशी ओळख करून देताना 'बाई जपानमध्ये भाषा शिकवतात' असं सांगितलं गेलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी कौतुकानं माना डोलावल्या. त्यांना वाटलं असणार, ही हिंदी शिकवत असेल, नाहीतर मराठी. हिंदी तिथे शिकवली जाते. तोक्यो आणि ओसाका इथल्या विद्यापीठांतले विभाग चांगले जुने आहेत. पण मी शिकवते इंग्रजी. सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेली मुलगी जपानी पोरांना इंग्रजी शिकवायला जाते, हे कळल्यावर आमच्या गावातले एक आजोबा म्हणाले होते, "का गं, त्यांना कुणी गोरा मिळाला नाही होय?"

आजोबांना हसू नका. जपानमधल्या कितीतरी पालकांच्या मनात तोच प्रश्न असतो, फक्त ते विचारत नाहीत. 1987 साली जपान सरकारनं परदेशी तरुणांना शाळांमध्ये इंग्रजीसाठी आणायची योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या तुकडीत 848 जण होते आणि देश चार: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. इंग्रजीचा परदेशी मास्तर म्हटला की चेहरा कसा असतो, हे तिथेच पक्कं झालं. आता पुष्कळ देशांतून माणसं येतात, फिलिपिनो शिक्षक तर भरपूर आहेत. माझी नेमणूक थेट एका लहान गावाच्या शिक्षण मंडळानं केली. हुद्दा 'सहायक भाषा शिक्षक', तिथे सगळे 'एएलटी' म्हणतात. म्हणजे वर्गाचा खरा मालक जपानी शिक्षक, आणि आम्ही शेजारी उभे. पुष्कळ ठिकाणी आमचा उपयोग टेपरेकॉर्डरसारखा होतो. मास्तरांनी खूण केली की वाक्य म्हणायचं, पोरांनी मागून म्हणायचं, पुढचं वाक्य. मीही पुष्कळ वाजले आहे.

आता माझा मुद्दा. 2020 पासून जपानमध्ये पाचवी आणि सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला. गुण मिळणारा, पाठ्यपुस्तक असलेला. तिसरी-चौथीला नुसती तोंडओळख, खेळ आणि गाणी. पाचवीला वर्षाला 70 तास, एक तास 45 मिनिटांचा. आणि आपल्याकडे? 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधीची आम्ही सगळी पाचवीवाली. इथे तसे बरेच दिसतायत. म्हणजे ज्या वयात मी 'धिस इज अ कॅट'वर अडखळत होते, नेमक्या त्याच वयाची मुलं आज माझ्यासमोर बसतात. अमेरिकेतल्या ओहायोहून आलेल्या माझ्या सहकाऱ्याचं इंग्रजी माझ्याहून कितीतरी अस्सल, पण ते कसं शिकलं हे त्याला आठवत नाही. मला आठवतं. कुठे घाम फुटला होता तेसुद्धा.

माझं तिथलं गाव आकिता प्रांतात, होन्शू बेटाच्या उत्तरेला. हिवाळ्यात छपरावरचा बर्फ फावड्यानं ओढावा लागतो. प्रांताची लोकसंख्या 2017 मध्ये दहा लाखांच्या खाली आली, म्हाताऱ्यांचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त, आणि शाळा एकामागून एक एकमेकींत मिसळल्या जातायत. पटसंख्येची भीती काय असते हे इथे मी सांगायला नको. तरीही देशभर सहावी आणि नववीची जी चाचणी 2007 पासून होते, तिच्यात आकिताची प्राथमिकची मुलं कायम वरच्या क्रमांकांत. एवढी हुशार मुलं. आणि इंग्रजीच्या तासाला? गप्प.

एक तास सांगते. धडा हॉटेलात मागणी नोंदवण्याचा. मी वेटर. एका मुलाला विचारलं, 'व्हॉट वुड यू लाइक?' तो उभा राहिला. शेजाऱ्याकडे झुकला, काहीतरी पुटपुटला. शेजाऱ्यानं पुढच्या मुलीला विचारलं. मग तिघांची सल्लामसलत. तोवर सगळा वर्ग शांत. परदेशी शिक्षकाची इथेच परीक्षा असते. माझे पुष्कळ सहकारी तीन सेकंदांत धीर सोडतात, स्वतःच उत्तर देतात, वर 'गुड जॉब!' म्हणतात आणि मूल खाली बसतं. मी थांबते. कारण त्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत आहे. आधी वाक्य घरच्या भाषेत तयार होतं, मग एकेक शब्द बदलून बसवला जातो, मग 'ए' लावायचा की 'द', या पंचाइतीत सगळंच विस्कटतं. मी हातातलं लिहायचं पॅड तसंच धरून उभी. जपानी शिक्षिकेनं घड्याळाकडे बघितलं. अखेर तो म्हणाला, "आइ... वुद्दो राइकु... कारी राइसु." मी नोंदवून घेतलं आणि विचारलं, तिखट की कमी तिखट? हे पुस्तकात नव्हतं. तो चक्क हसला आणि म्हणाला, "होत्तो!" मागच्या बाकावरच्यालाही मग तिखटच हवं झालं. त्या दिवशी आमच्या हॉटेलात फक्त तिखट करी खपली.

'वुद्दो' आणि 'राइसु'ला लोक हसतात. कारण साधं आहे. त्यांच्या काना लिपीत 'न' सोडला तर नुसतं व्यंजन लिहायची सोय नाही, प्रत्येकाला स्वर चिकटलेला. आपल्याकडे हलन्त आहे, जोडाक्षरं आहेत. आपलं तिथे निभावतं, आपली गाडी दुसरीकडे अडते. मात्र ह्याच लिपीनं माझं एक काम फार सोपं केलं. फळ्यावर एकदा मी देवनागरीत अ, इ, उ, ए, ओ लिहिलं आणि खाली क, स, त, न, ह, म, य, र, व. पोरांना एकही अक्षर येत नव्हतं. मी नुसतं बोट ठेवून मोठ्यानं वाचत गेले, आणि तिसऱ्या अक्षरापासून सगळा वर्ग माझ्याबरोबर ओरडायला लागला. कारण तो त्यांचाच क्रम. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् ही जुनी भारतीय लिपी शिकत, तिच्यातून ही मांडणी तिकडे गेली. 'स' हा 'च'च्या जागी का बसला, तर जुन्या जपानीत त्याचा उच्चार 'च'च्या जवळचा होता असं मानतात. इंग्रजीचा तास त्या दिवशी बुडाला. मुख्याध्यापक दारात उभे राहून ऐकत होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःचं नाव देवनागरीत लिहून मागायला आले.

खरं इंग्रजी बोलणं होतं ते जेवणाच्या सुट्टीत. तिथे जेवण वर्गातच. मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वाढतात, शिक्षकही तेच ताट घेऊन त्यांच्यात बसतो. मी मासे खात नाही म्हणून आमच्या वर्गात मोठा खल झाला होता, कारण तिथे सूपसुद्धा माशाच्या अर्कावर. "नो फिश? व्हाय?" हा मला मिळालेला पहिला असा प्रश्न, जो पुस्तकातला नव्हता. चूक होईल म्हणून कुणी थांबलं नाही, कारण तिथे गुण नव्हते.

आता एक मत मांडते, पटलं नाही तर नंतर भांडा. जपानी माणसाला इंग्रजी येत नाही, असं आपण थोडं हिणवून म्हणतो. त्याला ते येत नाही, कारण त्याचं त्यावाचून अडत नाही. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, शेतीतज्ज्ञ, सगळं शिक्षण जपानीत. इंग्रजी हा एक विषय; कच्चा राहिला तर दहावीत जायच्या प्रवेशपरीक्षेत थोडे गुण कमी. तोक्योनं 2022 पासून बोलण्याची परीक्षा सुरू केली, तिच्यावरून पालकांत केवढी कुरकुर झाली. आपल्याकडे पोराचं इंग्रजी कच्चं राहिलं तर अर्ध्या वाटा बंद, म्हणून माणसं कर्ज काढून इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये पोर बसवतात. आपली इथली मुलं धीट बोलतात याचा मला अभिमान आहे, पण त्या धीटपणामागे धाक आहे. जपानी मुलांच्या गप्प बसण्यामागे एक प्रकारची निश्चिंती आहे. दोन्हींतलं एक निवडायला सांगितलंत तर मी निश्चिंतीच्या बाजूनं. आता माझी नोकरीच त्यांच्या न येणाऱ्या इंग्रजीवर चालते, ते सोडा.

तरुण मंडळी 'आम्हाला जाता येईल का' हे विचारणारच, म्हणून आधीच सांगते. पदवी लागते, कुठल्याही विषयाची चालते. दलाल कंपन्यांमार्फत जाणार असाल तर करार नीट वाचा. काही ठिकाणी ऑगस्टच्या सुट्टीचा पगार कापतात. नोकरी बहुधा एकेका वर्षाच्या करारावर, एप्रिल ते मार्च. घर घेण्याची स्वप्नं त्यावर रंगवू नका. आणि जायच्या आधी जपानी शिका. पुण्यात वर्ग आहेत, जुलै आणि डिसेंबरमध्ये परीक्षा होते. निदान वरून चौथी पातळी गाठा. 'मला तर इंग्रजी शिकवायचंय' म्हणून जपानी टाळणारे मी पाहिलेत. शिक्षक-खोलीत चाळीस टेबलं असतात, आणि ते कोपऱ्यातल्या एका टेबलाशी मोबाइल बघत वर्ष काढतात.

संयोजक घड्याळ दाखवतायत. भांडायचं असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी या.