नवस बोलतो कोण, फेडतो कोण

मंडळी, संयोजकांनी विषय दिलाय ‘श्रद्धा आणि माणूस’. श्रद्धा हा मला न पेलणारा शब्द आहे. मी आपला नवसावर बोलतो. नवस आपल्या घरातला आहे.

लहानपणी मला मुदतीचा ताप आला. आजी सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलली, पोरगं उठलं तर भरत पौर्णिमेला डोंगर अनवाणी चढंल. कोण चढंल? पोरगं! ताप मला, खडे मला, आणि आजी मागून पायताण घालून ‘उदो गं आई उदो’ करत येणार. वर पोचल्यावर परडी भरून तिनं माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि म्हणाली, “फिटला बघ माझा नवस.”

तेव्हापासून मला खोडच लागली. नवस ऐकला की बोलणारा कोण आणि फेडणारा कोण, हे आधी बघायचं. चोळी-नारळाचं ठीक आहे. पण बकरं कबूल केलं की बोलणारा बाजूला राहतो. आमच्या बेळगावातल्या वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेत देवळावरून कोंबडीची पिल्लं उडवायची चाल. पिल्लांना कोण विचारतो? बांधाच्या वीतभर जागेसाठी भावाला कोर्टात खेचणारा माणूस देवाचं देणं मात्र बुडवत नाही, कारण बऱ्याचदा ते दुसऱ्याच्या खिशातून जातं.

इथवर हसता येतं. पुढं येत नाही. पोरीच्या केसात गुंता झाला, तेल-पाणी नाही, विंचरणं नाही, त्याची जट झाली, की म्हणायचं आईनं बोलावलं. घरात मुलगा नाही, दुखणं हटत नाही, मग थोरलीला सोडा देवीला. गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले की तिचं लग्न संपलं. नवस बापाचा आणि जन्म तिचा. कर्नाटकात १९८२ साली कायदा झाला, देवदासी सोडणं गुन्हा ठरलं. पण कायद्याच्या आधीच तो डोंगर चढलेल्या बायका आजही आपल्या गल्लीत म्हाताऱ्या होतायत. देवीवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. तिनं पोर मागितल्याचं मी तरी कुणाच्या तोंडून धड ऐकलेलं नाही. ऐकलं ते कायम बापाच्या तोंडून.

आता वार पाळणुकीचं. आषाढात ठरलेल्या वारी गाव शेतात जात नाही, औत जुंपत नाही. ही चाल मला फार आवडायची. बैलाला सुट्टी देणारा देव, म्हटलं, शहाणा आहे. गावच्या सभेत मी तसं कौतुकानं बोललोही. सभा संपल्यावर भांगलणीला जाणारी एक मावशी दारात थांबली होती. म्हणाली, “गुरुजी, बैलाला त्या दिवशी बी वैरण मिळत्या. आमची हजेरी बुडत्या.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणून तर वाराच्या आदल्या दिशी मी तिला शेरभर जास्त घालत्ये. तुला कुठलं ठावं? तू भाषणं करूलास.”