नवीन शहरात आधी ट्रेन हवी की आधी बिल्डिंगा? नवी मुंबईचंच बघा

नमस्कार मंडळी! नवीन शहर वसवायचं तर ट्रान्सपोर्ट कधी आणायचा, यावर बोलूया, आणि त्यासाठी नवी मुंबईच घेऊ कारण बरोबर काय केलं आणि उशीर कुठे झाला, दोन्ही इथेच दिसतं.

सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था, आली १९७० ला. प्लॅन खरंच भारी होता, एकच मोठं शहर न करता वेगवेगळे नोड, म्हणजे छोटी छोटी उपनगरं करायची, ती रेल्वेने जोडायची आणि घर, शाळा, बाजार सगळं जवळजवळ ठेवायचं. वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला, पण मानखुर्द-वाशी लोकल सुरू व्हायला १९९२ उजाडलं! म्हणजे कागदावर रेल्वेचं असलेलं शहर जवळपास वीस वर्षं त्या एका पुलावर आणि बसवर चाललं.

आता पैशाचं बघा, मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या लाइनचा ६७ टक्के खर्च सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. सिडकोकडे पैसा कुठून आला? प्लॉट विकून. लोकल येणार म्हटलं की जमिनीचा भाव वाढतो, आणि जमीन सरकारी संस्थेच्या हातात असेल तर त्या वाढलेल्या भावातूनच रुळांचा खर्च निघू शकतो. वाशी, बेलापूर स्टेशनवर ऑफिसं बांधली तीही याच विचारातून. ज्या देशांकडे पैसा कमी आहे त्यांनी हे नक्की शिकावं.

पण टायमिंग! बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि मेट्रो धावली नोव्हेंबर २०२३ ला, ११ किलोमीटरसाठी बारा वर्षं. तोपर्यंत या मार्गावरच्या खारघर-तळोजात लोक राहायला आलेले, मग ते काय करणार, शेअर रिक्षा नाहीतर लोन काढून बाईक. आणि एकदा बाईक दारात आली की माणूस मेट्रोच्या तिकिटाची तुलना फक्त पेट्रोलशी करतो, हप्ता तर तसाही जातच असतो. म्हणून म्हणतो, पहिल्या बिल्डिंगला ओसी, म्हणजे राहायला जायची परवानगी मिळेल त्याच दिवसापासून बस हवी, सुरुवातीला अर्धी रिकामी धावली तरी चालेल, तो तोटा सिडकोने प्लॉटच्या पैशातून भरावा.

आता नवी मुंबई एअरपोर्टच्या आजूबाजूला नैना नावाचं नवीन शहर उभं राहतंय, तिथे हे अजून करता येईल. तुमच्या नोडमध्ये लोक आधी आले की बस? नोडचं नाव टाकून कमेंटमध्ये सांगा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करतो.