गाडी सरळ, स्टेअरिंग वाकडं

(बेळगावात गाडीमालक, ड्रायव्हर आणि गॅरेजवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय एकच आहे. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून आणलेल्या मोटरहोमचं (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीचं) स्टेअरिंग मधोमध येत नाही, त्याचं काय करायचं? विषय लहान दिसतो, पण त्यावरून गॅरेजच्या दारात जेवढी हुज्जत होते, तेवढी इंजिनाच्या कामावरूनही होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "गाडी सरळ जाऊलीय ओ, पण स्टेअरिंग वाकडं दिसूलंय." अलाइनमेंटवाला मशीनचा कागद पुढं करतो, त्यावर सगळे आकडे हिरवे. दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

आधी एक फरक लक्षात घ्या. गाडी एका बाजूला ओढते, ही तक्रार वेगळी. तिथं टायरची हवा, टायर स्वतः, धरणारा ब्रेक, कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढं-मागं कल) असल्या गोष्टी बघाव्या लागतात. आपली तक्रार अशी की गाडी ओढत नाही, हात सैल ठेवले तरी सरळ जाते, फक्त सरळ जाताना स्टेअरिंगची आडवी दांडी तिरकी राहते. ही दुसरी तक्रार घेऊन गेलात आणि "गाडी ओढतीय" असं सांगितलंत, तर मिस्त्री भलतीकडंच हात घालणार. तक्रार नीट सांगणं हे निम्मं काम आहे.

आता मशीनचा कागद हिरवा कसा काय, ते बघू. पुढची दोन चाकं वरून पाहिली तर पुढच्या अंगाला ती किंचित आत वळलेली असतात, तो टो-इन. बाहेर वळली तर टो-आउट. समजा दोन्ही चाकांचा मिळून टो ०.२ अंश हवाय. डाव्याला ०.१ आणि उजव्याला ०.१ दिला, झकास. पण डाव्याला ०.६ आणि उजव्याला उणे ०.४, म्हणजे टो-आउट दिला, तरी बेरीज ०.२च! टायर घासणार नाहीत, गाडी सरळ जाईल. फक्त स्टेअरिंग मधोमध धरलं की दोन्ही चाकं सरासरी अर्धा अंश उजवीकडं बघत असतील. सरळ जायचं तर तो अर्धा अंश डावीकडं परत आणायला हवा. स्टेअरिंगचं गुणोत्तर २० ला १ धरा, म्हणजे चाक १ अंश वळायला स्टेअरिंग २० अंश; मग अर्ध्या अंशाला वर हातात १० अंश. तेवढं स्टेअरिंग डावीकडं वाकडं. म्हणून कागद हातात आला की नुसती बेरीज बघू नका, डाव्या आणि उजव्या चाकाचे आकडे वेगवेगळे बघा. ते जवळपास सारखे नसतील तर काम अर्धवट झालंय.

रॅक-पिनियनच्या गाडीला, म्हणजे जिथं स्टेअरिंग फिरवलं की एक दातेरी दांडी डावी-उजवी सरकते, उपाय सोपा आहे. त्या दांडीपासून चाकांपर्यंत जाणारे दोन टाय रॉड असतात. एक जेवढा आखूड करायचा, दुसरा तेवढाच लांब करायचा, म्हणजे बेरीज हलत नाही आणि स्टेअरिंग मधे येतं. टाय रॉड ॲक्सलच्या मागच्या अंगाला असतील, तर ज्या बाजूला स्टेअरिंग झुकलंय त्या बाजूचा रॉड आखूड, दुसऱ्या बाजूचा लांब. रॉड पुढच्या अंगाला असतील तर बरोबर उलटं. किती फिरवायचं? मघाचा अर्धा अंश घ्या. टाय रॉड चाकाला ज्या दांडीनं वळवतो तो स्टेअरिंग आर्म १५० मिलिमीटरचा असेल तर हिशेब १.३ मिलिमीटरचा येतो. आट्यांचा पिच १.५ मिलिमीटर असेल तर एक फेराही पुरा होत नाही. इथं उद्यमबागेत लेथवर आयुष्य घातलेली माणसं बसलीत, त्यांना मिलिमीटरभर म्हणजे केवढा ते मी सांगायला नको. पण गॅरेजात "दे थोडा फिरवून" म्हणत दोन-दोन फेरे दिलेले असतात. फिरवण्याआधी रॉडवर खडूची खूण करा, रबरी बूटाची क्लिप सैल करा, नाहीतर बूटाला पीळ बसतो आणि पुढच्या पावसाळ्यात तो फाटून रॅकमधे पाणी जातं. शेवटी चेकनट घट्ट. हे शेवटचं सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

आता खरा गुंता. आपल्याकडच्या बऱ्याच मोटरहोम मालवाहू किंवा प्रवासी गाडीच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेल्या असतात, आणि टाटा ४०७ सारख्या चॅसीला पुढं अखंड ॲक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. तिथं टाय रॉड एकच, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. तो फिरवून टो बदलेल, पण स्टेअरिंग मधे येणार नाही. स्टेअरिंग बॉक्समधून खाली लोंबणाऱ्या दांडीपासून, म्हणजे ड्रॉप आर्मपासून, चाकाच्या आर्मपर्यंत जाणारी जी ड्रॅग लिंक असते, स्टेअरिंग मधे आणायचं काम तिचं. तिची लांबी बदलली की टोला धक्का न लागता स्टेअरिंग सरकतं. कारच्या सवयीचा मिस्त्री टाय रॉडशी झुंजत बसतो आणि ड्रॅग लिंककडं बघतच नाही, हे मी या पट्ट्यात फार पाहिलंय. ट्रकची अलाइनमेंट करणारे महामार्गावरचे जुने लोक मात्र पहिला हात तिथंच घालतात. शिवाय कारच्या दुकानातल्या रॅम्पला मोटरहोमचं वजन झेपेलच असं नाही, ते वेगळं.

आणि मोटरहोमचं म्हणून जे दुखणं आहे, तेही याच ड्रॅग लिंकमधे आहे. ड्रॅग लिंकचं एक टोक चॅसीला धरून असलेल्या बॉक्सकडं आणि दुसरं ॲक्सलकडं. चॅसी खाली बसली की पाटे सपाट होतात, ॲक्सल चॅसीच्या मानानं वर सरकतो, थोडा मागंपुढंही होतो. लिंकचं टोक मात्र आपल्या वेगळ्याच कमानीत फिरतं. दोन्ही कमानी जुळत नाहीत. रस्त्यावरची चाकं सरळच राहतात, पण लिंक ड्रॉप आर्मला ढकलते किंवा ओढते आणि वर स्टेअरिंग फिरलेलं दिसतं. म्हणजे रिकाम्या गाडीवर स्टेअरिंग अगदी मधोमध आणून दिलं, आणि तुम्ही पाणी, गॅस, बिछाने, माणसं भरून गोव्याला निघालात की जांबोटी यायच्या आत ते वाकडं झालेलं असतं. दुकानदारानं फसवलं असं वाटतं. त्यानं फसवलेलं नसतं, त्यानं वेगळ्याच वजनाची गाडी मापलेली असते.

वजनाचा अंदाज घ्या. ३०० लिटरची टाकी भरली की ३०० किलो. १५० एएचची ट्यूबलर बॅटरी एकेक पन्नास-साठ किलोची. त्यात स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, कपाटं असं सगळं बहुतेक वेळा एकाच बाजूला, कारण दार दुसऱ्या बाजूला लागतं. एका बाजूचे पाटे जास्त बसतात, गाडी तिकडं कलते. म्हणून माझा आग्रह एवढाच: मोटरहोम अलाइनमेंटला न्यायची ती प्रवासाला निघाल्यासारखी भरून. टाकी भरलेली, सामान जागच्या जागी, जमलं तर माणसंही बसलेली. टायरची हवा त्या वजनाला लागते तेवढी, थंड टायरवर तपासलेली. दुकानदार म्हणेल, "एवढं कशाला?" म्हणू दे. पैसे तुमचे जाणारेत. आणि गाडी नुकतीच बांधून आलेली असेल तर पाटे बसायला थोडा वेळ द्या, पहिल्याच आठवड्यात अलाइनमेंटचा हट्ट धरू नका.

याच ठिकाणी हाताखालच्या पोरांना एक मोह होतो. स्टेअरिंगच्या मधला नट खोला, स्टेअरिंग ओढून काढा, एक दात सरकवून परत बसवा. काम दहा मिनिटांत संपतं, गिऱ्हाईक खूश. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. शाफ्टला ३६ दात असतील तर एका दाताला १० अंश, म्हणजे पाच अंशाचं वाकडेपण त्यानं जातच नाही. पण खरी अडचण पुढं आहे. स्टेअरिंग बॉक्सच्या मधल्या जागी गिअर मुद्दाम घट्ट बसवलेले असतात, सरळ जाताना खेळ राहू नये म्हणून. दात सरकवून तुम्ही फक्त दिसणं सुधारलंत, बॉक्स मात्र मधल्या जागेच्या बाजूलाच राहिला. मग गाडी एका बाजूला जास्त वळते, दुसऱ्या बाजूला कमी, आणि सरळ रस्त्यावर हाताला खेळ लागतो. इंडिकेटर आपोआप बंद होण्याची जागाही चुकते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर आत क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगच्या वायरची गुंडाळी असते, ती बेताल फिरली की तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो. खरी रीत उलटी आहे: स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजा, निम्म्यावर आणा, बॉक्स मधे करा, आणि मग रॉड किंवा ड्रॅग लिंक जुळवा. स्टेअरिंग आधीच कुणीतरी चुकीच्या दातावर बसवून ठेवलं असेल, तरच त्याला हात लावायचा.

मागचा ॲक्सलही बघायला हवा. तो चॅसीला काटकोनात नसेल तर मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात, आणि पुढची चाकं तेवढीच वळवून गाडी सरळ ठेवावी लागते. रस्त्यावरचं कुत्रं धावताना अंग तिरकं धरतं ना, तशी गाडी चालते. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडीकडं असे ट्रक मागून बघितले की लगेच कळतं: पाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला, नाहीतर पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल. मोटरहोमला हेच होतं, फक्त बॉडी चकचकीत असल्यामुळं कुणाला संशय येत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपनं मोजा. फरक निघाला तर पुढं काहीही फिरवू नका, आधी मागचं करा.

थोडं रस्त्याबद्दल. पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला आडवा उतार ठेवलेला असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांना साधारण १.७ ते २.५ टक्के, आणि पाऊस जास्त तिथं वरचा आकडा. आपण डावीकडून चालतो, म्हणून उतार आपल्याला डावीकडंच मिळतो. काहीजण निपाणीला जाताना एकदा आणि परत येताना एकदा बघतात, की दोन्हीकडचा उतार एकमेकाला मारेल. तो मारत नाही! परत येतानाही तुम्ही डाव्याच अंगाला असता. त्यामुळं महामार्गावर स्टेअरिंग अगदी थोडं उजवीकडं धरावं लागणं हा दोष नाही. उंच, जड गाडीत ते कारपेक्षा जास्त जाणवतं. खात्री करायची तर गर्दी नसताना मार्केट यार्डासारख्या सपाट काँक्रीटवर हळू चालवून बघा. खानापूर-रामनगरच्या रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नका.

आता तुमचे प्रश्न घेतो.

मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलंय, मशीनवर स्टेअरिंग कुलूप घालून धरतात, तरी वाकडं कसं राहतं? काका, कुलूप घालायच्या आधी ते मधे आणलं कसं, त्यावर आहे. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग डावी-उजवी थोडं हलवायचं, मधे आणायचं, मग क्लॅम्प लावायचा. इंजिन बंद ठेवून जबरदस्तीनं धरलं की आतला व्हॉल्व्ह मधे नसतो, आणि इंजिन चालू झालं की स्टेअरिंग आपल्या जागी सरकतं. शिवाय टाय रॉडचे बॉल जॉइंट, किंगपिन (चाक ज्या खिळीवर वळतं ती), चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तर क्लॅम्प काय करणार? ते आधी बदला, नाहीतर पैसे दोनदा द्याल.

या ताईंचा प्रश्न, अलाइनमेंटनंतर डॅशबोर्डवर गाडी घसरल्याच्या चित्राचा दिवा पेटला. ताई, तुमच्या गाडीत स्टेअरिंग कोन मोजणारा सेन्सर आहे. स्टेअरिंग तिरकं असताना गाडी सरळ चालली की कॉम्प्युटरला वाटतं तुम्ही वळताय आणि गाडी वळत नाही. आधी रॉड जुळवून स्टेअरिंग खरोखर मधे आणायचं, मग स्कॅनर लावून सेन्सरचा शून्य नव्यानं नोंदवायचा. क्रम उलटा केला तर दिवा जातो, पण वाकडं स्टेअरिंगच शून्य म्हणून नोंदलं जातं. स्कॅनर प्रत्येक दुकानात नसतो, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवण्याआधीच विचारून घ्या.