ताटलीतला गहू

(दृश्य : खिडकीची कड. तीन छोट्या बश्या, ओला कापूस, त्यावर गव्हाचे दाणे.)

युरोपातला नाताळ म्हटला की झाड, चांदण्या आणि लाल झग्यातला म्हातारा डोळ्यांपुढे येतो. ते सगळं विकत मिळतं. पण भूमध्य समुद्राच्या काठापासून युक्रेनपर्यंत कितीतरी घरांत या सणाला मूठभर गहू लागतो. कुठे तो रुजवतात, कुठे शिजवतात.

तारीख ४ डिसेंबर, संत बार्बाराचा दिवस. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्स प्रांतात आज तीन बश्यांत गहू पेरतात. तीन का, तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं. नवरात्रात घट बसवणाऱ्या घराला यात नवखं काही वाटणार नाही. फक्त इथे माती नसते, कापूस असतो.

(दृश्य : हात जवळून. कापूस दाबणारं बोट.)

दाणे आदल्या रात्री भिजत घालायचे. सकाळी बशीत अर्धा बोट जाडीचा कापूस पसरून तो ओला करायचा. बोटानं दाबल्यावर पाणी वर यावं आणि बोट उचलताच परत जिरावं, इतपतच ओल हवी. त्यावर दाणे दाटीनं पसरायचे, पण एकावर एक चढू द्यायचे नाहीत. बहुतेकांचं बिघडतं ते पाण्यापायी. रुजणाऱ्या दाण्याला हवा लागते. तो पाण्यात बुडून राहिला तर दोन दिवसांत आंबतो आणि बशीला वास मारतो.

दुसरी चूक दाणे निवडतानाच होते. झटपट शिजावा म्हणून आधीच वाफवून सुकवलेला गहू रुजत नाही, त्यातला अंकुर मेलेला असतो. सडून पॉलिश केलेल्या गव्हाचीही तीच गत, कारण अंकुर कोंड्याबरोबर निघून जातो. अख्खा, साधा, सालासकट गहू हवा.

तिसऱ्या दिवशी दाण्याभोवती पांढरी लव दिसू लागते आणि इथे अनेक जण घाबरतात. बुरशी आली म्हणून चांगली बशी फेकून देतात! ती लव बहुधा मुळांवरची केसं असतात. पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. मुळांची केसं भिजून चिकटतात आणि दिसेनाशी होतात, बुरशी मात्र जाळ्यासारखी तशीच राहते.

हिरवी टोकं दिसली की बशी उजेडात आणायची, पण हीटरवर ठेवायची नाही. हीटरच्या उबेनं रोपं भराभर लांबतात, फिकी पडतात आणि आठव्या दिवशी आडवी होतात. वीतभर वाढली की लाल फितीनं कमरेला बांधून उभी ठेवतात. प्रोव्हान्समध्ये म्हण आहे, गहू चांगला आला की सगळं चांगलं येतं.

(दृश्य : हिरव्या रोपांची दाट जुडी, लाल फीत.)

या म्हणीकडे अंधश्रद्धा म्हणून बघायची घाई नको. आपल्याकडे खरिपाआधी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतात, तसंच काहीसं ही बशी करत असते. कणगीतला गहू जिवंत आहे का, हे ती पंधरा-वीस दिवसांत दाखवते. मात्र पुढल्या वर्षी पाऊस कसा होईल, ते तिला विचारण्यात अर्थ नाही.

आता १३ डिसेंबर, संत लुसियाचा दिवस. स्वीडनमधल्या मुली या दिवशी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून निघतात. ती मिरवणूक सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून इथे सोडून देऊ. क्रोएशिया आणि हंगेरीत मात्र आज गहू पेरतात. प्रोव्हान्सला वीस दिवस मिळतात, यांच्या हातात अकराच. त्यामुळे दाणे भिजवण्यात हयगय चालत नाही आणि खोलीही उबदार लागते.

क्रोएशियात रोपांभोवती लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगाची, म्हणजे झेंड्याच्या रंगांची फीत बांधतात आणि मधोमध मेणबत्ती ठेवतात. ही मेणबत्ती शेवटी खोचायला गेलं की मुळांची चटई फाटते आणि रोपं ज्योतीवर झुकतात. शहाणी माणसं पेरतानाच बशीच्या मध्यावर काचेचा छोटा पेला ठेवतात. गहू पेल्याभोवती वाढतो आणि २४ तारखेला मेणबत्ती त्या पेल्यात बसते.

(दृश्य : सिसिली. मोठं पातेलं, मंद आच.)

लुसिया ही मूळची सिसिली बेटावरच्या सिराकुझा शहराची. तिच्या गावी आज गहू शिजतो, पण पीठ वर्ज्य असतं. कथा १६४६ च्या दुष्काळाची आहे. अन्नान्न दशा झालेली असताना बंदराला धान्याचं जहाज लागलं. दळण करून भाकरी भाजण्याइतकाही धीर लोकांना नव्हता. त्यांनी गहू तसाच उकडून खाल्ला. हा प्रसंग आमच्याकडेच घडला, असं सिराकुझावालेही म्हणतात आणि पालेर्मोवालेही. त्याची आठवण म्हणून या दिवशी परंपरा पाळणारी घरं पाव आणि पास्ता खात नाहीत. पालेर्मोत आत सारण भरून तळलेले भाताचे गोळे, म्हणजे आरांचिने, यांच्यासाठी दुकानांपुढे झुंबड उडते.

उकडलेल्या गव्हाच्या गोड पदार्थाला कुच्चिया म्हणतात. अर्धा किलो गहू दोन-तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचं, नाहीतर तो आंबट होतो. मग चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर कित्येक तास शिजवायचा. दाणा फुलला पाहिजे, पण त्याची पेज होता कामा नये. आच बंद केल्यावर तो त्याच पाण्यात निवू द्यायचा, म्हणजे आतपर्यंत मऊ होतो. मेंढीच्या दुधाचा ताजा रिकोता, म्हणजे पनीरसारखं मऊ चीज, रात्रभर निथळून, साखर घालून चाळणीतून काढायचा आणि गार गव्हात कालवायचा. वर चॉकलेटचे तुकडे, पाकवलेला भोपळा, दालचिनी. गहू कोमट असताना रिकोता घातला की तो पातळ होतो आणि सगळं वाडग्याच्या तळाशी बसतं.

(दृश्य : बर्फाखालचं शेत. मग घरात, टेबलावर गवत पसरणारे हात.)

युक्रेनमध्ये २४ डिसेंबरच्या रात्रीला पवित्र संध्या म्हणतात. २०२३ पर्यंत बहुतेक घरांत ती ६ जानेवारीला पाळली जाई. त्या वर्षी तिथल्या दोन मोठ्या चर्चनी दिनदर्शिका बदलली, सरकारनंही सुट्टी २५ डिसेंबरला आणली. सर्बियात मात्र अजून जुनी तारीख चालते.

टेबलक्लॉथखाली सुकं गवत आणि टेबलाच्या कोपऱ्यांत लसूण ठेवतात. कोनाड्यात धान्याची एक पेंढी उभी असते, तिचं नाव दिदुख. या शब्दात आजोबा आहे, कारण घराण्यातले गेलेले लोक सणापुरते तिच्यात येऊन राहतात अशी समजूत. पहिली चांदणी दिसेपर्यंत कुणी जेवत नाही. पानात बारा पदार्थ, पण मांस नाही आणि दूध-लोणीही नाही. पहिला घास कुत्याचा. नावावर जाऊ नका, तो गहू, खसखस आणि मध यांचा पदार्थ आहे.

(दृश्य : माकित्रा, म्हणजे आतून खरबरीत मातीचं खोल वाडगं. लाकडी दांडा फिरतोय.)

प्रमाण साधारण असं : २०० ग्रॅम गहू, १०० ग्रॅम खसखस, तेवढाच मध, मूठभर अक्रोड, मूठभर मनुका. गहू सडून कोंडा काढलेला, रात्रभर भिजवलेला, तिप्पट पाण्यात मऊ शिजवलेला. गव्हाची खीर करणाऱ्यांना पुढचा नियम सांगायला नको : गूळ जसा गहू शिजल्यावरच घालतात, तसाच इथे मध. आधी गोड पडलं की दाणा निबर राहतो.

खरी कसोटी खसखशीची. इथली खसखस पांढरी नसते, निळसर-काळी असते. तिच्यावर उकळतं पाणी ओतून अर्धा तास झाकून ठेवायची आणि पूर्ण निथळायची. मग वाडग्यात घालून दांड्यानं घासत राहायचं. सुरुवातीला काळे दाणे नुसते सरकतात. दहाएक मिनिटांनी रंग राखाडी होतो आणि मग कडेला पांढरं दूध सुटतं. ते सुटलं की थांबायचं. मिक्सरच्या भांड्यात पाणी राहिलं तर दाणे पात्याभोवती नुसते गरगरतात आणि कुत्या दाताखाली कचकचते. कडू लागली, तर मधाला दोष देण्याआधी खसखस जुनी होती का ते बघावं.

पूर्वी घरातला कर्ता पुरुष चमचाभर कुत्या छताला फेकून मारायचा. जितके दाणे चिकटतील तितकी बरकत, तितक्या मधमाश्या. आता ओल्या गव्हाचे डाग रंगवलेल्या छतावर कुणाला चालतात! जेवण झाल्यावर मात्र आजही अनेक घरांत कुत्याचं वाडगं आणि चमचे रात्रभर टेबलावरच ठेवतात. पितरांसाठी पान वाढून ठेवणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच रात्री प्रोव्हान्समध्ये तीन पांढरे टेबलक्लॉथ एकावर एक अंथरतात, तीन मेणबत्त्या लावतात आणि मधोमध त्या तीन बश्या ठेवतात. जेवण बिनमांसाचं, आणि मग तेरा गोड जिन्नस. त्यातला ऑलिव्ह तेलाचा पाव हातानं तोडायचा असतो, सुरी लावायची नाही. नॉर्वेत गहू घरात येतच नाही. तिथे ओटची पेंढी काठीला बांधून अंगणात पाखरांसाठी उभी करतात.

(दृश्य : सणानंतरची बशी. पिवळी पडू लागलेली टोकं.)

सण संपला की बशीचं काय? क्रोएशियात ती कोंबड्यांपुढे जाते, म्हणूनच औषध लावलेलं रंगीत बियाणं पेरायचं नसतं. प्रोव्हान्समध्ये ती येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याशेजारी राहते आणि ६ जानेवारीनंतर जमिनीत जाते. त्याहून उशीर चालत नाही, कारण कापसावरचं रोप दाण्यातल्या शिदोरीवर जगत असतं आणि ती आता संपत आलेली असते. मुळांची चटई सोडवत बसायचं नाही. कापसासकट फाडून चार तुकडे करायचे, दोन बोटं खोल पुरायचे आणि वरची पानं निम्मी कापून टाकायची. हिवाळी वाणाला फुलायला काही आठवडे थंडी मिळावीच लागते आणि ती त्याला जानेवारी-फेब्रुवारीत आपसूक मिळते. जगला तर उन्हाळ्याच्या तोंडाशी ओंबी धरतो.