टर्बो गेला: किट, कोर की नवा?

मंडळी, ऊस हंगाम चालू असताना सांगलीत हा प्रश्न फोनवरच विचारला जातो, आणि उत्तरही फोनवरच हवं असतं: "नवा टाकू की रिपेअर करू?" त्याआधी विचारायचं ते हे, की टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) गेला कशानं? ते कळलं नाही तर नवासुद्धा त्याच वाटेनं जाईल.

हवेचा पाईप काढा आणि पंखा हातानं हलवून बघा. वर-खाली थोडा प्ले लागला म्हणून लगेच टर्बो बाद करू नका. या बेअरिंगा तेलाच्या थरावर तरंगतात, इंजिन बंद असताना थोडा खेळ राहणारच. शाफ्ट एका बाजूला दाबून फिरवला तर पाती हाउसिंगला घासता कामा नयेत, एवढं बघायचं. पुढं-मागं होणारा प्ले मात्र डायल गेज लावूनच मोजा. तो साधारण ०.१ मिलिमीटरच्या आत असावा. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलची धरा.

पंख्याकडं तेल दिसलं की "सील गेलं" म्हणायची आपल्याकडं सवयच आहे. तिथं रबरी सील नसतंच, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. तेलाचा रिटर्न पाईप चोंदला, इंजिनचा ब्लोबाय (पिस्टनजवळून खाली गळणारा गॅस) वाढला किंवा एअर फिल्टर चोक झाला, तर धडधाकट टर्बोही तेल फेकतो. अशा वेळी टर्बोवर खर्च केलेला पैसा पाण्यात.

कोर, म्हणजे शाफ्ट, दोन्ही पंखे आणि बेअरिंगांचा मधला भाग, उघडला की कारण शाफ्टवरच दिसतं. निळा पडला असेल तर तेल पोचलं नाही. गोल ओरखडे असतील तर तेलात घाण होती. काळा कडक कार्बन चिकटला असेल तर लोडची गाडी खंबाटकी चढून थेट ढाब्यावर लावली, आणि तापलेलं इंजिन तसंच बंद केलं. पाती पुढून चेमटली असतील तर फिल्टरच्या बाजूनं काहीतरी आत गेलंय.

शाफ्ट मापात आहे, बेअरिंग हाउसिंगचं बोअर शाबूत आहे आणि दोन्ही पंखे अखंड आहेत, तर किट, म्हणजे नव्या बेअरिंगा आणि रिंगांचा संच, भरा. शाफ्ट किंवा पंखा गेला असेल तर बॅलन्स केलेला तयार कोर घ्या. एक्झॉस्टचं हाउसिंग आतून खरवडलं असेल किंवा तडा बाहेरपर्यंत आला असेल, तर अख्खा नवा. आतल्या भिंतीवरच्या केसासारख्या तड्यांचं तेवढं मनावर घेऊ नका, पण त्यांची मर्यादाही मॅन्युअलमध्ये बघा. वाकलेली पाती पक्कडनं सरळ करणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून टर्बो घेऊ नका. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेणारा शाफ्ट आहे तो, बॅलन्सिंग मशीनशिवाय किट भरणं म्हणजे नुसता जुगार. नव्या गाड्यांतल्या हलत्या पात्यांच्या टर्बोत फ्लो बेंचवर (हवेचा प्रवाह मोजणाऱ्या मशीनवर) सेटिंगही लागतं. ती सोय नसेल तर कंपनीचा तयार टर्बोच बरा.

पंखा तुटला होता? मग इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) साफ करा किंवा बदला, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे अडकलेले असतात. तेल आणि फिल्टर नवे, टर्बोला तेल देणारा पाईपही नवा. त्या जोडाला गॅस्केटच लावा, सिलिकॉन नको. त्याचा एक गोळा सुटून तेलाचं भोक बंद करतो. बसवताना वरून तेल ओता, शाफ्ट हातानं फिरवा. डिझेल बंद ठेवून ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा, मग दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा. तेवढ्या वेळात रेस मारायची नाही, मालक शेजारी उभा असला तरी.