पुडीतली पानं

नमस्कार मंडळी. आज एका बाईचा माग काढायचाय, आणि आधीच सांगून ठेवते, ही बाई शेवटी सापडत नाही.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमानच आठवतं ना. पण पोर्ट ब्लेअरला १८५८ साली कैद्यांची वसाहत बसली त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून हेच इंग्रज स्वतःच्याच गोरगरिबांना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला नेऊन टाकत होते, आणि त्यात बायकाही होत्या. आपली बाई त्यातलीच. नाव मेरी. माहेरचं आडनाव ब्रॉड, नवऱ्याचं ब्रायंट. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या फॉय नावाच्या बंदरातली, दर्यावर्दी घरातली पोरगी, जन्म १७६५ चा.

आता अशी बाई शोधायची कुठे? आपल्याकडे पणजीचं माहेरचं नाव विचारून बघा घरात, निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, कारण लग्नात आडनावच काय, कित्येकदा पहिलं नावसुद्धा बदलून टाकलेलं असतं. मेरीचं नाव सापडतं ते तिनं चोरी केली म्हणून. १७८६ च्या मार्चमध्ये एक्झेटरच्या कोर्टात ती आणि आणखी दोघीजणी उभ्या होत्या, रस्त्यात एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि बाकी सामान लुटलं हा गुन्हा. शिक्षा फाशी. मग ती कमी करून सात वर्षं समुद्रापार. म्हणजे सरळमार्गी राहिली असती तर आपल्याला ती असल्याचंही कळलं नसतं, हे जरा विचित्रच आहे नाही का.

पुढची नोंद डॉक्टरची. १७८७ च्या मे महिन्यात अकरा जहाजं निघाली, तिचं जहाज शार्लट. आणि सप्टेंबरात भर समुद्रात ती बाळंत झाली, मुलगी झाली, असं जहाजावरच्या सर्जननं आपल्या डायरीत एका ओळीत लिहून ठेवलंय. बाप कोण ते नाही लिहिलेलं. मुलीचं नाव जहाजाचंच ठेवलं, शार्लट. मग सिडनीला उतरल्यावर १० फेब्रुवारी १७८८ ला विल्यम ब्रायंट नावाच्या कैद्याशी लग्न, तो कॉर्नवॉलचाच, मासेमारीतला जाणता माणूस. लग्नाच्या रजिस्टरात त्यानं सही केली आणि तिनं फुली मारली.

ती फुली लक्षात ठेवा हं.

विल्यमला मासे पकडायच्या बोटींवर नेमलं होतं, पण थोडे मासे परस्पर विकताना सापडला आणि शंभर फटके बसले. तिकडे खायची मारामार, सरकारी शिधा कमी कमी होत चाललेला, पदरात दुसरं मूल, इमॅन्युएल. मग एका डच जहाजाच्या कप्तानाकडून होकायंत्र, नकाशा, बंदुका असं एकेक गुपचूप मिळवलं, आणि २८ मार्च १७९१ च्या रात्री गव्हर्नरचीच उघडी होडी पळवली. माणसं अकरा. सात पुरुष कैदी, हे दोघं, आणि दोन पोरं, एक साडेतीन वर्षांची, दुसरा जेमतेम वर्षाचा. एकोणसत्तर दिवस. ऑस्ट्रेलियाचा अख्खा पूर्व किनारा वर चढून, प्रवाळाच्या बेटांवर कासवं मारून खात, वादळात होडीतलं पाणी उपसत, साधारण पाच हजार किलोमीटर कापून ही माणसं आजच्या इंडोनेशियातल्या तिमोर बेटावर, कुपांगला पोचली, आणि अकराच्या अकरा जिवंत! तान्ह्यासकट.

या प्रवासाची हकिगत बरोबरच्या जेम्स मार्टिन नावाच्या कैद्यानं सांगितली, ती आज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जपून ठेवलीय. मी मोठ्या आशेनं ती वाचायला घेतली, म्हटलं इथे तरी मेरी भेटेल. तर त्यातही वादळाच्या वर्णनात काय, तर ती बाई आणि दोन लेकरं यांचे फार हाल झाले. ती बाई! दोन महिने एका होडीत खेटून बसलेला माणूस, आणि तिथे नाव नाही.

कुपांगला त्यांनी थाप मारली की आमचं जहाज फुटलं. डच गव्हर्नरनं कपडेलत्ते दिले, चांगलं चाललं होतं, मग बिंग फुटलं. इंग्रज कप्तान एडवर्ड्स तिथे आला, त्याचं स्वतःचं जहाज मात्र खरंच फुटलेलं होतं बरं का, आणि त्यानं सगळ्यांना ताब्यात घेतलं. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डिसेंबरात आधी इमॅन्युएल गेला, तीन आठवड्यांनी विल्यम. केपटाऊनहून इंग्लंडला जाणाऱ्या गॉर्गन जहाजावर मे १७९२ मध्ये शार्लट गेली. साडेचार वर्षांची. समुद्रात जन्मली आणि समुद्रातच सोडली. एका अधिकाऱ्याच्या डायरीत ही नोंद आहे, मेरी ब्रॉड या कैदी बाईचं मूल अशी, पोरीचं नाव मात्र नाही.

लंडनला न्यूगेटच्या तुरुंगात पेपरवाल्यांनी गोष्ट उचलली, आणि मग आला जेम्स बॉस्वेल, तोच, इंग्रजी शब्दकोशवाल्या डॉक्टर जॉन्सनचं चरित्र लिहिणारा. वकील माणूस, दारू आणि बायका यांच्या बाबतीत लौकिक चांगला नाही, पण इथे त्यानं मनापासून खटपट केली, मंत्र्यांच्या मागे लागला. मे १७९३ मध्ये तिला माफी मिळाली, आणि शिक्षेची सात वर्षं तर मार्चमध्येच पुरी झाली होती, म्हणजे माफी कसली डोंबलाची. ऑक्टोबरात त्यानंच तिला फॉयच्या बोटीत बसवून दिलं आणि वर्षाला दहा पौंड द्यायचं ठरवलं. १७९४ पर्यंत त्या पैशांचा माग लागतो. १७९५ मध्ये बॉस्वेल वारला. पैसे थांबले आणि कागदही थांबले. तिचं पुढे काय झालं ते सांगेल असा कागद नाही, कारण तिनं परत काही गुन्हा केला नसावा.

मग तिचं स्वतःचं असं काय उरलं? एक फुली, आणि पानं.

सिडनीच्या आसपास, म्हणजे इंग्लंडात ज्या वसाहतीला बॉटनी बे म्हणत तिथे, एक वेल असते, तिची पानं कैदी चहासारखी उकळून प्यायचे, चवीला गोडसर. त्यातली थोडी वाळलेली पानं मेरीनं बॉस्वेलला दिली आणि त्यानं ती कागदात गुंडाळून ठेवली. आज ती येल विद्यापीठात आहेत, एकदोन सिडनीच्या लायब्ररीतही आहेत. आता शंका घ्यायचीच तर गॉर्गन जहाज सिडनीहूनच निघालेलं होतं, म्हणजे कुणा शिपायानं दिली असतील तिला वाटेत. असेलही. पण पोटाला बांधून समुद्रात नेली असणार असं मला वाटतं, कारण दोन लहान पोरं घेऊन निघालेली बाई खाण्यापिण्याची पुरचुंडी बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

त्या पुडीवर लिहिलंय, बॉटनी बेची पानं, चहाला वापरतात. अक्षर बॉस्वेलचं.